न्यू जर्सीचा चंबू

"टॉवेल नको," दमयंती म्हणाली. "त्याचे धागे अडकतात त्या पानांत. थांबा, माझं जुनं पातळ आणते."

कमलाकर कासार शोकेसचं दार उघडून उभे होते. दोन्ही हात चंबूच्या पोटाशी नेलेले, पण चंबू अजून उचललेला नव्हता. खालून सेंगकांगची एलआरटी, ती छोटी रेल्वे, वळण घेत गेली तशी शोकेसची काच किंचित थरथरली आणि त्यांनी दचकून हात मागे घेतले.

"द्या इकडे. आज तुमचे हात काही ऐकायचे नाहीत तुमचं." दमयंतीनं पातळाची चौपदरी घडी पलंगावर पसरली, चंबू अलगद उचलून तिच्यावर आडवा ठेवला आणि तान्ह्या मुलाला दुपट्यात गुंडाळावं तसा गुंडाळला. "पंधरा वर्षांत सवत पहिल्यांदाच उंबरा ओलांडतेय. ओटी भरून पाठवू का?"

"दमयंती, उशीर होतोय."

"होऊ दे की. निरोप समारंभ तुमचाच आहे, तुमच्याशिवाय काय सुरू करणारेत?"

चंबूला ती सवत म्हणायची ते कमलाकर तो घेऊन अमेरिकेहून आले त्या दिवसापासून. त्या एकुलत्या एक अमेरिकेच्या वारीत त्यांनी बायकोसाठी एक पर्स आणली होती, ती सामानात टाकली होती. चंबू मात्र सबंध विमानप्रवासात मांडीवर होता. चांगी विमानतळावर उतरल्यावर दमयंतीनं ते पाहिलं आणि तिथल्या तिथे नाव ठेवलं. पण दर दिवाळीला शोकेस रिकामी करून आतली भांडी धुवायची ती तीच. त्यांच्याच्यानं ते धैर्य व्हायचं नाही.

वीतभर उंचीचा, गोल पोटाचा, रुंद गळ्याचा, एका बाजूला मूठ असलेला तो दुधाचा चंबू होता. उथळ पाण्याला असतो तसा हिरवट निळा रंग. पोटावर काचेचा दुसरा जाड थर चढवून, तो तापलेला असतानाच वर ओढून, त्याची पानं केलेली. पाण्यातून देठ वर यावा आणि टोकाशी पान उलगडावं तशी. तिकडचे संग्राहक त्याला लिली-पॅड म्हणतात. कमलाकर कमळपान म्हणायचे.

*

कमलाकर विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात ग्लासब्लोअर होते. तळमजल्यावर, मालवाहू लिफ्टच्या शेजारी त्यांची कार्यशाळा. काच तापवायचा गॅसचा टॉर्च, ऑक्सिजनची नळकांडी, काच फिरवायचं लेथ, एक छोटी भट्टी. वरच्या प्रयोगशाळांतली मुलं तडकलेले फ्लास्क आणि मोडलेले कंडेन्सर घेऊन खाली यायची, चेहरे पाडून. कमलाकर तुकडा उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "टुमॉरो, ओके?" दुसऱ्या दिवशी सांधा कुठे होता तेही कळायचं नाही. त्यांना सगळे मिस्टर कमल म्हणत. पंचविशीत पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ते काम शिकले आणि चाळिशी ओलांडल्यावर सिंगापूरला आले. आता पासष्ट पूर्ण झाली होती. त्यांच्यामागे कार्यशाळा बंद होणार होती. यापुढे काचसामान बाहेरून मागवायचं ठरलं होतं. त्याबद्दल त्यांची कुणावर तक्रार नव्हती. शिकायला कुणी आलंच नव्हतं, तर तेही काय करणार?

त्यांचे वडील ओगलेवाडीच्या कारखान्यात कंदिलाच्या काचा फुंकायचे. एका संध्याकाळी त्यांनी उरलेल्या काचेची एक दौत करून आणली होती, जाड बुडाची, थोडी तिरकी. कमलाकर तिसरीत होते. ती दौत पुढे घर बदलताना गेली, पण तिचं बोटांना जाणवणारं वजन गेलं नाही.

म्हणून तर, सिंगापुरात आल्यावर विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या अमेरिकन काचेवरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं, तेव्हा ते तिथेच उभ्याउभ्या वाचत राहिले. दीडदोनशे वर्षांपूर्वी तिकडे जिथे वाळू आणि सरपण मिळेल तिथे काचेच्या भट्ट्या निघाल्या होत्या: न्यू जर्सीच्या दक्षिणेला पाइनच्या रानांत, न्यूयॉर्कच्या उत्तरेला, ओहायो नदीच्या काठी. माल एकच, खिडक्यांची तावदानं आणि बाटल्या. पण दिवस संपताना भट्टीत काच उरायची. त्या उरलेल्या काचेतून कारागीर आपल्या घरासाठी काहीबाही करायचे. साखरेचं भांडं, दुधाचा चंबू, पोरांना खेळायला कोंबडी. ती भांडी कुठल्याही मालाच्या यादीत नसायची. प्रत्येक भागाची वाळू निराळी म्हणून रंग निराळा, आणि प्रत्येक गावची मूठ वळवायची रीत निराळी. आता लोक ती शोधून शोधून जमवतात, घडवताना भांडं धरायला बुडाला चिकटवलेल्या सळईचा व्रण बघतात आणि हा चंबू जर्सीचा, ती बाटली ओहायोची, असं ओळखतात.

तेव्हापासून कमलाकरही जमवू लागले. जमवणार किती? इंटरनेटवरच्या लिलावात कुणाला नको असलेलं, टवका उडालेलं तेवढंच त्यांच्या वाट्याला यायचं. एक मधाच्या रंगाची पीळदार कुपी, एक मान वाकडी झालेली बाटली, झाकण हरवलेलं साखरेचं भांडं. अखंड होता तो फक्त चंबू. अमेरिकेत काचकाम करणाऱ्यांच्या एका संमेलनाला विभागानं पाठवलं, तेव्हा शेवटचा दिवस बुडवून ते बसनं न्यू जर्सीला गेले होते आणि रस्त्याकडेच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात तो त्यांना मिळाला होता. दुकानदार म्हणाला होता, अठराशे चाळीसच्या आसपासचा.

*

प्रदर्शनाची कल्पना गार्गीची. गार्गी पुण्याहून पोस्टडॉकला आलेली. कार्यशाळेत तिच्याइतकं कुणी काही मोडून आणलं नसेल. "काका, तुमच्या निरोपाच्या चहाला नुसते समोसे आणि भाषणं नकोत," ती म्हणाली होती. "तुमची काच मांडू. खाली फॉयरमध्ये ट्रॉफ्यांचं कपाट आहे ना, ते मी आठवडाभरासाठी रिकामं करून घेते."

सेंगकांगपासून हार्बरफ्रंट, तिथे मेट्रो बदलून विद्यापीठाचं केंट रिज. दमयंती शेजारीच होती, तरी सबंध वाटेत कमलाकरांनी पातळातलं गाठोडं मांडीवरून हलू दिलं नाही. समोरच्या बाईनं बाळ समजून डोकावून पाहिलं आणि ओशाळून हसली.

कपाटात गार्गीनं पांढरा कागद अंथरला होता. प्रत्येक वस्तूपुढे एक चिठ्ठी होती. चंबूपुढच्या चिठ्ठीवर कमलाकरांनी सांगितलेलं तिनं इंग्रजीत छापलं होतं: दक्षिण न्यू जर्सी, सुमारे १८४०. काचकारानं फावल्या वेळात आपल्या घरासाठी केलेला.

"काका, तुमचं नाव कमलाकर, आणि चंबूवरही कमळंच," गार्गी म्हणाली. "हे आधी कसं नाही लक्षात आलं माझ्या?"

"तुझी काकू पंधरा वर्षं हेच म्हणतेय. फक्त तिच्या म्हणण्यात इतकं कौतुक नसतं."

चहाला माणसं बरीच जमली. विभागप्रमुख बोलले, मुलांनी एक मोठं कार्ड दिलं. मग कमलाकरांना बोलायला सांगितलं. आयुष्यात त्यांनी चारचौघांत भाषण केलं नव्हतं. ते कपाटापाशी जाऊन उभे राहिले आणि चंबूबद्दल सांगू लागले. वाळूतल्या लोखंडामुळे काचेला असा रंग कसा येतो, दुसरा थर कसा चढवतात, तो निवायच्या आत पानं कशी ओढावी लागतात. बोलता बोलता त्यांचं इंग्रजी सैलावलं.

"या माणसाचं नाव कुणाला माहीत नाही," ते म्हणाले. "दिवसभर त्यानं दुसऱ्यांच्या खिडक्यांच्या काचा केल्या. मग थकलेला असूनसुद्धा थोडा वेळ थांबला आणि हा केला. विकायला नाही, बायकोसाठी. मला वाटतं, म्हणून तो इतका चांगला झाला."

पुढच्या रांगेत बसलेल्या दमयंतीनं रेशमी साडीचा पदर उगाचच सारखा केला. टाळ्या वाजल्या.

माणसं समोशांकडे वळली, तरी कपाटापुढे एक म्हातारी बाई थांबलेली होती. पांढरे आखूड केस, पायात कॅनव्हासचे बूट. पाहुणी म्हणून आलेल्या अमेरिकन प्राध्यापिकेची ही आई, रूथ. लेकीबरोबर सहा महिने सिंगापूरला राहत होती. ती कमरेत वाकून काचेतून चंबूच्या मुठीकडे बघत होती.

"हा कुठे मिळाला तुम्हांला?" तिनं विचारलं. कमलाकरांनी सांगितलं.

"मी त्याच भागातली." तिनं बोटानं मुठीचं खालचं टोक दाखवलं. ते वर वळवून चिमटलेलं होतं आणि त्याच्यावर दोन बारीक खळगे होते. "हे कसले ते माहितेय?"

"नाही. कुठल्याच पुस्तकात सापडले नाहीत. मला वाटायचं, त्या कारागिराची ही खूण असावी."

"साखरेचे खडे उचलायच्या चिमट्याचे आहेत." ती सरळ उभी राहिली. "मिस्टर कमल, तुमचं बोलणं फार सुंदर झालं. मी गप्प बसायला हवं होतं खरं म्हणजे. पण हा अठराशे चाळीसचा नाही. माझ्या लहानपणचा आहे. आमच्या गल्लीच्या मागे एक शेड होती, तिथे करायचे हे."

तेवढ्यात तिची लेक तिला शोधत आली. गाडी आली होती. रूथनं कमलाकरांच्या दंडावर हात ठेवला आणि गेली.

*

परत येताना कमलाकरांचे हात रिकामे होते. चंबू आठवडाभर तिथेच राहायचा होता. रिकामं पातळ पिशवीत होतं.

घरी आल्यावर दमयंतीनं भाताचा कुकर लावला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "त्या म्हातारीनं काय सांगितलं? तेव्हापासून तोंड उतरलंय तुमचं."

त्यांनी सांगितलं.

"हॅ! तिला काय कळतंय? लहानपणी एखादा तसलाच पाहिला असेल झालं."

"तिचं बरोबर आहे. ते खळगे मला कधीच कुठे सापडले नव्हते. आणि बूड. दीडशे वर्षं टेबलावर सरकलेल्या भांड्याचं बूड जितकं झिजतं, तितकं याचं झिजलेलं नाही. मला ते दिसत होतं, दमयंती. मी बघत नव्हतो."

"मग? ऐंशी वर्षांचा असेल. ऐंशी काय कमी झाली?"

"तसं नाही गं." ते खुर्चीत बसले. "एकोणीसशे तीसनंतर तिकडे कारखाने बंद पडले. बाटल्या यंत्रं करायला लागली. मग जुन्या घाटाची भांडी करून विकायला लागले लोक. दुकानदार ती जुनी म्हणून पुढे विकायचे. मी त्याबद्दल वाचलंय. म्हणजे हा कुणी बायकोसाठी केलेला नाही. नक्कल आहे, विकायला केलेली. आणि मी एवढ्या लोकांसमोर उभा राहून..."

कुकरची शिट्टी झाली. दमयंती आत गेली नाही. तिला एकदम त्यांचं विमानातून उतरतानाचं रूप आठवलं, दोन्ही हातांनी ते गाठोडं छातीशी धरलेलं, डोळ्यांत झोप नाही आणि चेहरा एखाद्या पोरासारखा फुललेला. सवत म्हणता म्हणता पंधरा वर्षं तिनंच तिला धुतलं-पुसलं होतं. कुणी तिला नकली म्हणावं, हे तिला सहन होईना.

"उद्या जाऊन काय करणार?" तिनं विचारलं.

"चिठ्ठी बदलीन."

"कुणाला कळणारे? शुक्रवारी कपाट आवरायचंच आहे. चार दिवस राहू द्या की तशीच."

"मला कळलंय ना."

जेवताना दमयंतीनं त्यांना न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला, वर तूप सोडलं, आणि त्यांनी नको म्हटलं नाही.

*

शुक्रवारी दमयंती भांडी गुंडाळायला म्हणून त्यांच्याबरोबर विद्यापीठात आली. तो कमलाकरांचा शेवटचा दिवस. दुपारनंतर इमारत विभागाचे लिम येऊन गॅस बंद करणार होते आणि किल्ली घेणार होते.

फॉयरमध्ये रूथ कपाटापुढच्या बाकावर बसून होती. त्यांना पाहताच उठली.

"मी माफी मागायला आले," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी गेले आणि झोप नाही लागली मला. माणसाचा निरोप समारंभ, आणि मी काय बोलून बसले!"

"तुम्ही बरं केलंत," कमलाकर म्हणाले. "मी चिठ्ठी बदलली."

"पाहिली मी. तेच विचारायचं होतं." रूथनं कपाटाकडे हात केला. चंबूपुढे आता त्यांच्या हातच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती: दक्षिण न्यू जर्सी, सुमारे १९३५. जुन्या घाटावरून केलेला. "ते घराबद्दलचं वाक्य होतं, ते का काढलंत?"

"ते खरं नाही. हा विकायला केलेला होता."

रूथ परत बाकावर बसली. तिनं दमयंतीलाही हात धरून शेजारी बसवलं आणि तिच्याकडे बघतच बोलायला लागली, जणू हे तिलाच सांगायचं होतं.

"माझे वडील बाटल्या फुंकायचे. यंत्रं आली आणि एका सकाळी सगळ्यांना घरी पाठवलं. दुसरं काही येत नव्हतं त्यांना. मग चारपाच जणांनी मिळून आमच्या मागच्या शेडमध्ये विटांची भट्टी रचली. काच कुठली आणणार? आम्ही पोरं घरोघर जाऊन फुटक्या बरण्या गोळा करायचो. तुम्ही वाळूतलं लोखंड म्हणालात ना, तो रंग बरण्यांचा आहे. हत्यारं नव्हती, म्हणून आईचा साखरेचा चिमटा नेला त्यांनी. सगळे तोच वापरायचे. एक माणूस दर शनिवारी मोटार घेऊन यायचा आणि घेऊन जायचा. वडिलांना ठाऊक होतं, तो पुढे काय सांगून विकतो ते. त्याबद्दल घरात कधी बोलायचे नाहीत. आणि आपलं नाव एकावरही घातलं नाही त्यांनी." ती कमलाकरांकडे वळली. "पण मिस्टर कमल, आम्ही पाच भावंडं होतो. त्या हिवाळ्यात आमच्या ताटात जे पडलं ते याच्यातून पडलं. मग हा घरासाठी केलेला नव्हता, तर कुणासाठी होता?"

कमलाकर उभेच होते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, परत खिशात ठेवला.

"हा तुमच्या वडिलांच्या हातचा असेल?" दमयंतीनं हळूच विचारलं. तिचं इंग्रजी तोडकं होतं, पण प्रश्न पोचला.

"असेलही. चारपाच जणांतल्या कुणाचाही असेल. चिमटा एकच होता."

कमलाकरांनी कपाटाचं कुलूप काढलं, चंबू दोन्ही हातांनी उचलला आणि रूथपुढे धरला. "न्या तुम्ही. तुमच्याकडे असायला हवा."

दमयंतीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

रूथनं चंबू मांडीवर घेतला. मुठीच्या टोकावरच्या खळग्यांत अंगठा टेकवला. मग तो दमयंतीच्या मांडीवर ठेवला.

"मी त्र्याऐंशी वर्षांची आहे. माझ्यामागे कुणीतरी तो विकेल, आणि घेणारा परत अठराशे चाळीसचा म्हणून पुढे विकेल. तुमच्याकडे खरं लिहिलेलं आहे. तुमच्याकडेच राहू दे. फक्त ते वाक्य परत घाला."

कमलाकरांनी गार्गीच्या टेबलावरून पेन आणलं आणि चिठ्ठीवर तळाशी थोडी जागा होती तिथे लिहिलं: काचकारानं आपल्या घरासाठी केलेला.

*

भांडी गुंडाळून झाल्यावर रूथ म्हणाली, "तुमची जागा बघू का? तो वास येतो का अजून?"

कार्यशाळेत अर्धं सामान खोक्यांत गेलेलं होतं. टॉर्च तेवढा जागेवर होता. रूथ दारातच थबकली, नाकानं हुंगत. "नाही. आमच्याकडे लाकडाचा धूर असायचा." मग जवळ येऊन म्हणाली, "मला त्यांनी कधी फुंकू दिलं नाही. भावांना द्यायचे. म्हणायचे, तू हसशील आणि धग आत ओढशील. मी कॉफीची किटली धरून उभी राहायचे."

कमलाकरांनी तिच्याकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली, टॉर्च पेटवला आणि खोक्यातून काचेची एक नळी काढली. तिच्या एका टोकाला रबरी नळी जोडली आणि ती रूथच्या हातात दिली. "फिरवायचं काम माझं. मी सांगितलं की फुंकायचं. आत ओढायचं नाही."

"हसायचंही नाही," रूथ म्हणाली.

नळीचं बंद टोक ज्योतीत लाल झालं, मग पिवळं, आणि मऊ होऊन लोंबायला लागलं. ते बाहेर घेऊन कमलाकर म्हणाले, "आता." रूथनं गाल फुगवले. टोकाशी काचेचा एक फुगा आला, एका बाजूला कलंडलेला, मध्यम कांद्याएवढा. तो निवेपर्यंत कमलाकर फिरवत राहिले. रूथ तोंडातली नळी काढायला विसरली होती.

"तर हे असं असतं," अखेर ती म्हणाली. मग उठली आणि दमयंतीला खुर्ची दाखवली. "आता तू."

"इश्श, मी कशाला!" दमयंती मागे सरकली. "हे त्यांचं काम."

"कधीच नाही केलंस?"

दमयंतीनं मान हलवली. या खोलीत ती आज पहिल्यांदाच आली होती. दुपारचा डबा रोज तिच्या हातचा यायचा, ती कधी आली नव्हती. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. कमलाकरांच्या ते आत्ता ध्यानात आलं.

"ये ना," ते एवढंच म्हणाले.

तिनं पदर खोचला. त्यांनी आपला कामाचा, गुलाबी काचांचा चष्मा काढून तिच्या डोळ्यांवर चढवला, कानांमागे नीट बसवला. तिनं ज्योतीकडे पाहिलं आणि ओरडलीच, "अगं बाई! जाळ कुठे गेला? नुसती काच दिसतेय!"

"म्हणून तर तो चष्मा असतो. पिवळा उजेड गाळून टाकतो."

"इतकी वर्षं तुम्ही हे बघत होता?"

"हेच." त्यांनी नळी तापवायला घेतली. "मी सांगितलं की फुंकर घाल. गरम दुधावर घालतेस तशी."

पहिल्यांदा तिची फुंकर आतच राहिली, काही झालं नाही. मग तिनं जोर केला आणि टोकाशी भला मोठा फुगा झाला, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ, आणि तसाच विरून टेबलावर चकचकीत कपचे सांडले.

"फुटला!" तिनं तोंडावर हात नेला.

"असं म्हणू नये. कासारांच्या घरची ना तू? काच वाढली म्हण."

"बांगडी वाढते. हा काय बांगडी आहे?" ती म्हणाली, पण तिला हसू आलं, आणि रूथला काही न कळताच तीही हसायला लागली.

दारात लिम येऊन उभे होते, हातात किल्ल्यांचा जुडगा. "मिस्टर कमल, गॅस ऑफ करायचा. फिनिश?"

"टेन मिनिट्स, मिस्टर लिम. कॅन?"

लिमनी चष्मा घातलेल्या दमयंतीकडे पाहिलं, खोक्यांकडे पाहिलं आणि एक स्टूल ओढून घेतलं. "कॅन, कॅन. नो हरी, लाह."

दुसऱ्या खेपेला तिची फुंकर बेतानं आली. सुपारीएवढा गोळा झाला, एका अंगानं चपटा, पण अखंड. कमलाकरांनी तो ज्योतीच्या कडेला धरून हळूहळू निववला. रूथनं टाळ्या वाजवल्या. दमयंती चष्म्यातून त्या गोळ्याकडे टक लावून बघत होती.

"तोंड बंद करून देऊ का?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. "एक चटका दिला की मिटेल. तुझी फुंकर आत राहील, कायमची."

दमयंतीनं चष्मा कपाळावर सरकवला. गाल ऊन लागल्यासारखे लाल झाले होते. तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग हातातल्या रबरी नळीकडे.

"बंद कशाला करताय?" ती म्हणाली. "हा चपटा झालाय. अजून एक करू."

कमलाकरांनी खोक्यात हात घालून दुसरी नळी काढली, आणि ज्योत थोडी मोठी केली.